मोबाईलचा इतिहास: फोन लहान झाला, की शहराचे तुकडे झाले?

तारायंत्र

एक चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असेल. डावीकडे विटेएवढा फोन, मग त्याहून बारका, मग घडीचा आणि उजवीकडे काचेची पाटी. माकडाचा माणूस झाला त्या चित्राची सरळसरळ नक्कल. फॉरवर्डमध्ये येतं, शाळेच्या प्रकल्पात येतं आणि खाली लिहिलेलं असतं, 'मोबाईलची उत्क्रांती'.

माझं म्हणणं असं की या चित्रात मोबाईलचा इतिहास नाहीच, खोक्यांचा आहे. ज्या गोष्टीमुळे मोबाईल शक्य झाला ती फोटोत येत नाही, कारण ती कधी कुणाच्या हातात नव्हतीच.

जरा मागून सुरू करतो. १७ जून १९४६, अमेरिकेतलं सेंट लुईस. बेल सिस्टिम या टेलिफोन कंपनीने मोटारीत बसवायचा टेलिफोन सुरू केला. यंत्राचं वजन साधारण ३६ किलो. बोलताना बटण दाबून धरायचं, ऐकताना सोडायचं. नंबर स्वतः फिरवायची सोय नाही, ऑपरेटर जोडून देणार. हे ऐकून कुणालाही वाटतं की अडचण वजनाची होती. अहो, वजन मोटार वाहत होती! अडचण होती हवेत. एका उंच मनोऱ्यावरून अख्ख्या शहराला पुरेल एवढ्या ताकदीने प्रक्षेपण आणि वापरायला बोटांवर मोजण्याइतक्या वाहिन्या, म्हणजे बोलणं वाहून नेणाऱ्या रेडिओलहरींच्या ठरलेल्या पट्ट्या. एका वाहिनीवर एक जण बोलायला लागला की त्या वाहिनीपुरतं सगळं शहर अडलं. पुढे यंत्रं सुधारली, १९६४ पासून नंबर थेट फिरवता यायला लागला, पण वाहिन्यांचं रडगाणं तसंच. १९७६ साली न्यूयॉर्कसारख्या शहरात बेलचे मोबाईल ग्राहक होते ५४५. वाहिन्या बारा. आणि नाव नोंदवून ताटकळत होते ३,७०० जण.

गंमत म्हणजे तोडगा १९४७ च्या डिसेंबरातच कागदावर आला होता. बेलच्याच संशोधनसंस्थेतल्या, बेल लॅब्जमधल्या, डग्लस रिंग यांनी एक अंतर्गत टिपण लिहिलं. त्याचा मथितार्थ: शहराचे षटकोनी तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला आपला छोटा, कमी ताकदीचा मनोरा द्या. शेजारच्या तुकड्याला वेगळ्या वाहिन्या द्या, पण दोन-चार घरं सोडून त्याच वाहिन्या पुन्हा वापरा. सगळे हळू आवाजात बोलत असले तर एका दिवाणखान्यात पाच जोड्या निवांत गप्पा मारू शकतात, एकाने ओरडायला सुरुवात केली की बाकीच्यांचं संपलं. तसंच हे. या तुकड्याला सेल म्हणतात, आणि 'सेलफोन'मधला सेल तो हा. बॅटरीचा नव्हे. (मला स्वतःला हे बऱ्याच उशिरा कळलं. हसू नका.)

मग १९४७ ला सुचलेलं उतरायला इतकी वर्षं का गेली? कारण मोटार एका तुकड्यातून दुसऱ्यात शिरताना चालू बोलणं न तुटता या मनोऱ्याने त्या मनोऱ्याच्या हाती सोपवायचं, आणि फोननेही सांगितल्याबरोबर वाहिनी बदलायची, शेकडो वाहिन्यांतून नेमकी ती. हे क्षणात ठरवायला संगणक लागतो. रिंग टिपण लिहीत होते त्याच महिन्यात त्याच संस्थेत पहिला ट्रान्झिस्टर चालला (रेडिओ नव्हे, संगणकात लागतो तो इवलासा विजेचा खटका). म्हणजे कल्पना तयार होती आणि तिला लागणारी वीट नुकती भट्टीतून निघत होती. शिवाय वाहिन्या कुणाला किती द्यायच्या यावरचा सरकारदरबारचा घोळ होताच.

आता ते प्रसिद्ध दृश्य. ३ एप्रिल १९७३, मोटोरोलाचे मार्टिन कूपर न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातल्या किलोभराहून जड फोनवरून फोन लावतात. कुणाला? बेल लॅब्जच्या जोएल एंगेल यांना, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याला. मस्त किस्सा आहे, मीही दहा वेळा सांगितलाय. पण तो फोन विकत मिळायला १९८३ उजाडलं. फोन हातात होता, त्याच्याभोवतीचं जाळं नव्हतं. दरम्यान १९७९ मध्ये टोकियोत आणि १९८१ पासून उत्तर युरोपात जाळी उभी राहिली. शिकागोतलं सुरू झालं १३ ऑक्टोबर १९८३ ला.

तेव्हा माझ्या मते उत्क्रांतीच्या त्या चित्रात फोन नकोत, मधमाश्यांचं पोळं हवं. खाली प्रतिसादांत खोडून काढा.

कुंपणावरची

वाचनखूण साठवली. पोळ्याचं पटलं.

एक बावळट प्रश्न विचारू का? इतके तुकडे, त्यात मी कुठल्या तुकड्यात आहे हे समोरच्याच्या फोनला कसं कळतं? मला आपलं वाटायचं की जगातल्या सगळ्या टॉवरांवरून माझ्या नावाने दवंडी पिटतात.

तारायंत्र

बावळट काय त्यात, याच प्रश्नावर लोकांनी वर्षं घालवली आहेत.

दवंडी पिटतात, पण छोट्या टापूत. प्रत्येक टॉवर 'मी अमुक, माझा विभाग तमुक' असं सारखं सांगत असतो. एका विभागात पुष्कळ टॉवर. फोन खिशात गप्प पडून हे ऐकतो. टॉवर बदलला तरी काही बोलत नाही. विभाग बदलला की चिठ्ठी टाकतो: आता मी इकडे. ती चिठ्ठी तुमच्या कंपनीच्या मुख्य नोंदवहीत जाते. तुम्हाला कुणी फोन केला की आधी वही उघडतात आणि मग फक्त त्या विभागातल्या टॉवरांवरून पुकारा होतो. 'हजर' असं तुमचा फोन म्हणाला की मगच घंटी.

अमेरिकेत सुरुवातीला हे एका शहरापुरतंच जमायचं. माणूस परगावी गेला तर फोन करणाऱ्याला तो कुठे गेलाय हे माहीत असावं लागायचं. आधी त्या गावचा खास नंबर लावायचा, मग त्याचा नंबर. म्हणजे माणूस सापडायला आधी सापडलेला असावा लागे! नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपातल्या, देशांनी मात्र पहिल्या दिवसापासून फोन देश ओलांडला तरी आपोआप सापडेल अशीच रचना केली. फोन मात्र दहा किलोचे. १९८२ चा मोबिरा सेनेटर पाहा, हँडल लावलेली पेटीच.

उरलीसुरली

तारायंत्र, लेख झकास, निष्कर्ष अर्धवट.

जाळं तुमचं, मान्य. पण बॅटरी नसती तर तुमचं पोळं मोटारींसाठीच राहिलं असतं. १९८३ चा डायनाटॅक ८०००एक्स घ्या, कूपर यांच्या त्या फोनचा विकाऊ अवतार. दहा तास चार्ज करायचा आणि अर्धा तास बोलायचं. कूपरच गमतीने म्हणायचे की त्याने काही बिघडत नव्हतं, एवढा जड फोन त्याहून जास्त वेळ कानाशी धरवतो कुणाला!

तेव्हा निकेल-कॅडमियम. ती अर्धवट उतरलेली असताना पुन्हा पुन्हा चार्ज केली तर ती तेवढंच लक्षात ठेवायची, म्हणून 'पूर्ण उतरू दे, मगच लाव' हा घरोघरचा नियम. रसायन बदलून जमाना झाला तरी नियम जिवंत आहे. आमच्या घरी अजून एक काका दोन टक्क्यांपर्यंत थांबतात. लिथियम-आयनला हे मुळीच मानवत नाही, पण काकांना कोण सांगणार.

लिथियम-आयन १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. ती घडवणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा माणूस नाही. तुमच्या रिंगसाहेबांना मिळालं का?

तारायंत्र

रिंगसाहेबांवर घसरू नका राव.

बॅटरीचं मोठेपण मान्य. पण साधे फोन आठवडाभर टिकायचे ते फक्त रसायनामुळे नव्हे. फोन बहुतेक वेळ झोपलेला असायचा. ठरल्या क्षणी डोळे किलकिले करून पुकारा ऐकायचा, आपलं नाव नसलं की परत आडवा. आणि कधी उठायचं ते वेळापत्रक कोण देतं? टॉवर. गुण माझ्या खात्यात.

उरलीसुरली

अर्धा गुण.

पाटीपेन्सिल

तुमचं भांडण चालू द्या, मी तिसराच मुद्दा काढते. मोबाईलने बोलण्यापेक्षा लिहिण्याचं जास्त काही केलं, आणि मराठी लिहिणाऱ्यांचं तर फारच.

एसेमेस मुळात वळचणीला आलेला पाहुणा. कॉल जोडण्यासाठी, पुकाऱ्यासाठी फोन आणि टॉवर यांच्यात निरोपानिरोपी चालते, त्याला वेगळी वाट असते. ती वाट बराच वेळ रिकामी. तिथून छोटा मजकूर पाठवला तर? पण जागा मोजकी. १९८५ मध्ये फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने घरी टाइपरायटरवर सुचतील ती वाक्यं टाइप केली आणि अक्षरं मोजली. प्रश्न, निरोप, काहीबाही. बहुतेक सगळं १६० च्या आत. पोस्टकार्डं आणि टेलेक्सही पाहिले, तेही तेवढ्यातच. ठरलं, १६०. पहिला निरोप गेला ३ डिसेंबर १९९२ ला. नील पॅपवर्थ यांनी तो संगणकावरून पाठवला, कारण फोनवरून टाइप करायची सोयच नव्हती. मजकूर: मेरी ख्रिसमस.

आता मराठी. एका एसेमेसची खरी जागा १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून ११२० भागिले ७, बरोबर १६०. देवनागरीला तिथे थाराच नव्हता. तिच्यासाठी दर अक्षराला १६ बिटांची व्यवस्था घ्यावी लागते. ११२० भागिले १६ करा. सत्तर.

आणि सत्तर 'अक्षरं' म्हणजे तुम्ही-आम्ही मोजतो ती नव्हेत. काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडला की त्याचं हलंत चिन्ह वेगळं. 'स्त्री' लिहा: स, हलंत, त, हलंत, र आणि दीर्घ वेलांटी. पाटीवर एक अक्षर, फोनच्या हिशेबात सहा. 'ज्ञानेश्वर' म्हणजे चार अक्षरं, मोजा, दहा होतात. शुद्ध, जोडाक्षरयुक्त मराठी लिहिणाऱ्याला दंड जास्त. वर रोमनमध्ये लिहिलेल्या मोठ्या निरोपात एखादंच देवनागरी अक्षर घातलं, तर तेवढ्या एकापायी सगळा निरोप १६ बिटांच्या व्यवस्थेत जायचा आणि एकाचे तीन मेसेज व्हायचे. एवढं करून समोरच्याच्या फोनला देवनागरी येत नसली तर त्याला दिसणार चौकोन, चौकोन, चौकोन.

मग आपण काय केलं? रोमनमध्ये मराठी. त्याचे ना नियम, ना व्याकरण, ना कुणी शिक्षक. ळ आणि ल एकच, ण आणि न एकच, र्‍हस्व-दीर्घाचा निकाल. 'मी येतो' लिहायला माझ्या फोनवर ६ एकदा, ४ तीनदा, मोकळ्या जागेसाठी शून्य, ९ तीनदा, ३ दोनदा, ८ एकदा, ६ तीनदा. चौदा दाब. हे मी टेबलाखाली, न बघता करू शकायचे. आता काचेवर बघूनही चुकते.

कुंपणावरची

चौदा दाब!! 🙏 अंगठ्याला घट्टे पडायचे ते आठवलं.

आणि तो शब्द ओळखणारा कीपॅड? एक बटण एकदाच दाबायचं, शब्द तो शोधणार. 'कूल' टाइप करायला जावं तर 'बुक' यायचं. दोघांची बटणं तीच, २६६५. एका मैत्रिणीने तर 'बुक' हा शब्दच 'मस्त' या अर्थाने वापरायला सुरुवात केली होती.

दोनशेसतरा

माझं सदस्यनाम का असं हे बरेच जण विचारतात. आज संधी आहे.

जुन्या फोनच्या जमान्यातला तो आवाज आठवतो का? रेडिओ किंवा संगणकाचा स्पीकर चालू आहे, शेजारी फोन ठेवलाय, आणि अचानक स्पीकर गुरगुरतो: टिडिक-टिडिक, टिडिक-टिडिक, ब्झ्झ्झ. दोन सेकंदांनी घंटी. लोक म्हणायचे, स्पीकरला फोनच्या आधी कळतं.

तो फोनचा 'हजर' होता, वर तारायंत्र यांनी लिहिलाय तोच! जीएसएममध्ये, म्हणजे २जी या दुसऱ्या पिढीच्या जाळ्यात, एकाच वाहिनीवर आठ जण आळीपाळीने बोलतात. ४.६१५ मिलिसेकंदांची एक फेरी, तिचे आठ तुकडे, आपल्या वाट्याला एक. त्या वेळी फोन जोरात ओरडतो, मग सात तुकडे गप्प. एका सेकंदात अशा सुमारे २१७ फेऱ्या. मूळ रेडिओलहर कानाला ऐकू येण्यातली नाही, पण चालू-बंद, चालू-बंद होण्याचा हा ठेका बरोबर कानाच्या टप्प्यात येतो, आणि स्पीकरची वायर तो अँटेनासारखा पकडते. पुकाऱ्याला उत्तर द्यायला फोन आधी ओरडतो, घंटी नंतर. म्हणून स्पीकर 'आधी' बोलायचा.

३जीत फोन आळीपाळीने बोलत नाही, सगळे एकदम बोलतात आणि प्रत्येकाचं सांकेतिक गणित वेगळं. ठेका गेला, गुरगुरही गेली. फोनबद्दलची एकच गोष्ट मला मनापासून आठवते, ती ही, आणि तो मुळात दोष होता.

ता. क.: जीएसएमचा पहिला अधिकृत कॉल १ जुलै १९९१ ला फिनलंडमध्ये झाला. माजी पंतप्रधान हॅरी होल्केरी यांनी ताम्पेरेच्या उपमहापौरांना केला. तिथे जवळपास रेडिओ चालू असता तर तोही नक्की गुरगुरला असता.

थेट

सगळ्यांचं वाचलं. माहितीपूर्ण वगैरे. पण खरं बोलू? ९ जानेवारी २००७ च्या आधीचं सगळं प्रस्तावना आहे. आयफोन आला आणि फोन नावाची वस्तू संपली. आता आपण जे बाळगतो तो संगणक आहे, त्याला सवयीने फोन म्हणतो. षटकोनी तुकडे काय घेऊन बसलात.

अर्धविराम

@थेट, नाव सार्थ केलंत.

थोडी उजळणी. आयबीएमचा सायमन १९९४ मध्ये विकायला आला. स्पर्शाने चालणारा पडदा, कॅलेंडर, फॅक्स, ईमेल. वजन अर्धा किलोच्या वर, बॅटरी तासाभराची, विकले गेले सुमारे ५०,०००. जपानमध्ये फेब्रुवारी १९९९ पासून आय-मोड या मोबाईल इंटरनेट सेवेवर लोक फोनवरूनच तिकिटं काढत होते, हवामान बघत होते. त्याच सेवेसाठी शिगेताका कुरिता यांनी १२ गुणिले १२ ठिपक्यांच्या चौकटीत १७६ चित्रं बसवली. आज त्यांना इमोजी म्हणतात. (ते वरचे जोडलेले हात त्याच घराण्यातले.) पहिल्या आयफोनला ३जी नव्हतं, बाहेरची अ‍ॅपं घालता येत नव्हती आणि मजकूर कॉपी-पेस्ट करता येत नव्हता. कॉपी-पेस्ट २००९ मध्ये आलं! अ‍ॅपचं दुकान जुलै २००८ मध्ये उघडलं, सुमारे पाचशे अ‍ॅपं घेऊन.

तरीही थेट यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ते म्हणतात त्या कारणाने नाही. आधीचे स्पर्शपडदे दाबावे लागत. दोन थर एकमेकांना टेकले की काम व्हायचं, म्हणून ती टोचायची काडी, स्टायलस. २००७ मध्ये आलेली काच बोटातल्या विद्युतभारावर चालते, दाबावं लागत नाही, आणि दोन बोटं एकदम ओळखते. एकदा हे जमलं की कीपॅडची गरज संपते. बटण काच हवं तेव्हा काढते, नको तेव्हा पुसते. मला तरी सगळ्या इतिहासात हीच एक उडी वाटते, बाकी चालत आलेलं आहे.

अँड्रॉइडचं तर आणखी गमतीचं. २००३ मध्ये कंपनी सुरू झाली ती डिजिटल कॅमेऱ्यांसाठी प्रणाली करायची म्हणून. २००५ मध्ये गूगलने घेतली, २००८ मध्ये पहिला फोन आला, आणि त्याला पडद्याखालून सरकणारा खराखुरा कीबोर्ड होता. म्हणजे काचेवर पूर्ण विश्वास अजून त्यांचाही नव्हता.

तारायंत्र

अर्धविराम, सुंदर. उडी मान्य करतो, इलाज नाही.

एवढंच जोडतो की त्या काचेवर जे दिसतं ते येतं कुठून? ३जी जपानमध्ये ऑक्टोबर २००१ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचं करायचं काय हे कुणाला नीट माहीत नव्हतं. व्हिडिओ कॉलची जाहिरात व्हायची, आणि लोक बोलायचे साध्या आवाजात. पुढे काच आली आणि आयती वाट मिळाली. ४जी डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ओस्लोत आलं तोवर उलटं झालं होतं, काच पुढे आणि जाळं मागे धावतंय. म्हणजे थेट, तुमच्या तारखेनंतर माझं जाळं नोकर झालं. हे मला आवडलेलं नाही, पण झालं खरं.

जाता जाता: '१जी' हे नाव त्या काळात कुणी वापरत नव्हतं. पहिलं महायुद्ध चालू असताना त्याला सहसा कुणी 'पहिलं' म्हणत नसतं, तसंच.

सांगोवांगी

मी वाचलंय की मोबाईल, वायफाय, ब्लूटूथ सगळ्याचा शोध हेडी लमार या हॉलिवूडच्या नटीने लावला. तिचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? बाईने लावला म्हणून?

पाटीपेन्सिल

घेऊ की, पण नीट घेऊ. हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये पेटंट मिळालं हे खरं. विषय होता पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो. त्याला रेडिओने दिशा द्यायची तर शत्रू त्या वाहिनीवर गोंगाट करून ते बिघडवणार. म्हणून पाठवणारा आणि तीर दोघांनी एकाच वेळी वाहिन्या बदलत उड्या मारायच्या. दोघांची उडी जुळावी म्हणून स्वयंचलित पियानोत असते तशी भोकांची कागदी गुंडाळी. वाहिन्या ८८, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. नौदलाने तेव्हा ते वापरलं नाही.

ब्लूटूथ अशा उड्या मारतं. जीएसएममध्येही मारायची सोय आहे. पण त्यावरून 'मोबाईलचा शोध तिने लावला' म्हणणं म्हणजे चाक शोधणाऱ्याने आगगाडी शोधली म्हणण्यासारखं. तिचं पेटंट आहे तेवढंच पुरेसं भारी आहे, त्यात भर नको. एकट्या माणसाने लावलेला मोबाईलचा शोध मला तरी कुठे सापडलेला नाही, बाईचाही नाही आणि बुवाचाही नाही.

डोमशीट

बरेच दिवस नुसता वाचतोय. फोन दुरुस्तीत बरीच वर्षं गेली, तेव्हा आतली बाजू सांगतो.

जुना साधा फोन आला की सहा स्क्रू काढायचे, कव्हर बाजूला, रबरी कीपॅड उचलायचा. खाली पारदर्शक चिकटपट्टीवर पत्र्याच्या छोट्या वाट्या असतात, त्याला आम्ही डोम म्हणतो. बटण दाबलं की वाटी आत बसते, 'टक्' होतं आणि बोर्डावरच्या दोन वर्तुळांची गाठ पडते. मधल्या बटणांचे डोम सगळ्यात आधी जायचे, कारण मेनूत वर-खाली, खेळात वर-खाली, सगळा भार त्यांच्यावर. सापाचा खेळ (स्नेक) खेळणाऱ्याचा फोन मी नुसता बटणं बघून ओळखायचो: दोन, चार, सहा, आठ पुसलेले. तो खेळ १९९७ च्या नोकिया ६११० वर आला आणि माझं दुकान त्याने बराच काळ चालवलं. मग २००३ चा ११०० आला. त्याचा कीपॅड अखंड रबराचा, धूळ आत जाईना. पंचवीस कोटींहून जास्त विकले गेले आणि माझ्याकडे त्या मानाने कुणी येईना. टॉर्च होती त्याला. लोक फोन म्हणून कमी आणि टॉर्च म्हणून जास्त जपायचे.

आता मुद्द्याचं. 'फोन लहान झाला' म्हणताय ते आतून बघितलं तर खरं नाही. जुन्या फोनात बोर्ड फोनएवढंच असायचं, वर पत्र्याच्या डब्या, प्रत्येक डबीत रेडिओचा एकेक भाग. आजचा फोन हीटरवर गरम करून, डिंक सोडवून उघडला की सगळ्यात जास्त जागेत बॅटरी झोपलेली. बोर्ड पट्टीएवढं. फोन लहान नाही झाला, रिकामा झाला, आणि ती रिकामी जागा बॅटरीने खाल्ली.

उरलीसुरली

उरलेला अर्धा गुण द्या. आत्ता, इथे, सगळ्यांसमोर.

तारायंत्र

घ्या.

पण डोमशीट, तुमच्या अनुभवाला एक विचारतो. संग्रहवाले जुने फोन जपतात. बॅटरी नवी घातली, चालू झाले. पुढे काय? डायनाटॅक चालायचा ते अमेरिकन जाळं चालू ठेवायची कंपन्यांवरची सक्ती १८ फेब्रुवारी २००८ ला उठली आणि त्यांनी ते उतरवलं. फोन धडधाकट, दिवे लागतात, पण हाक मारणारं कुणी नाही. माझ्या मूळ मुद्द्याला याहून चांगला पुरावा नाही.

डोमशीट

असे येतात ना. मागे एक जण वडिलांचा फोन घेऊन आला. कनेक्टर गंजलेला, बॅटरी फुगलेली. कनेक्टर बदलला, बाहेरून करंट दिला, पडदा हिरवा झाला. वर रेंजच्या जागी काही नाही. तो म्हणाला, रेंज नकोच आहे, आत त्यांचे मेसेज आहेत का बघा.

त्या फोनने मेसेज सिमवर ठेवले होते. सिमवर जागा थोडी, आमच्याकडे यायच्या त्यातल्या बऱ्याच कार्डांवर वीसेक मेसेज मावायचे, भरलं की जुना पुसल्याशिवाय नवा येत नसे. त्यांच्यात सतरा निघाले. त्यातले अकरा कंपनीचे, रिचार्ज संपला वगैरे. उरलेले सहा त्याने स्वतः पाठवलेले, कॉलेजात असतानाचे, रोमनमध्ये. तीन नुसते 'पोचलो', म्हणजे तसं लिहिलेलं.

कंपनीचे अकरा पुसू का विचारलं. नको म्हणाला.